ज्याची त्याची फाईल

रूपेशला जाऊन आठ महिने झाले होते, आणि गेल्या महिन्यात त्याच्या हातून एक मोठी चूक झाली, असं नूतनला सोमवारी सकाळी अमरदीप सरांच्या केबिनमध्ये कळलं. नवतपा, मेच्या शेवटचे ते नऊ तापलेले दिवस, लागला होता. केबिनचा एसी नुसता घरघरत होता आणि सरांनी खिडकीला ओला टॉवेल टांगून ठेवला होता. टेबलावरची स्क्रीन त्यांनी तिच्याकडे वळवली. अहिवाऱ्याच्या बाजूला चुनखडीचं एक यार्ड होतं. तिथल्या वजनकाट्यावर नूतनच्याच ऑफिसने बनवलेला प्रोग्रॅम चालायचा, आणि गेले काही आठवडे त्या काट्यावर प्रत्येक गाडी थोडी हलकी भरत होती. गाडीवाल्यांनी आधी कुरकुर केली, मग एक दिवस काट्यासमोर गाड्या आडव्या लावून दिल्या. यार्डाने लेखी खुलासा मागितला. तो खुलासा आता नूतनसमोर होता.

"बाकी सब मैंने लिख दिया है दीदी. टेक्निकल वाला पैरा एक बार देख लीजिए, फिर नीचे आपका साइन," सर म्हणाले.

परिच्छेद लहानच होता. वजनातला फरक आमचे माजी कर्मचारी रूपेश मेश्राम यांच्या व्यक्तिगत सेटिंगमुळे आला. ते आता आमच्याकडे नाहीत. यापुढे असं होणार नाही. नूतनने तो पुन्हा वाचला. मेलेल्या माणसाला माजी म्हणता येतं हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यात खोटं असं काही नव्हतं म्हणा. ते आता आमच्याकडे नाहीत. यापुढे असं होणार नाही. एखाद्याच्या दहाव्याला जमलेल्या लोकांनी मान हलवत म्हणावं तसं ते वाक्य होतं.

"सर, ये बिल्ड रूपेश का नहीं है. अप्रैल में बना है."

"नाम तो उसी का आ रहा है ना."

"तारीख भी आ रही है. नाम के बाजू में ही लिखी है."

"तारीख कौन देखता है दीदी," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती. दमलेल्या माणसाने समजूत घालावी तसे ते बोलत होते. "उनको एक नाम चाहिए. जिंदा आदमी का नाम दूँगा तो कल उसको लेकर आओ बोलेंगे."

सरांचा धाकटा भाऊ राजदीप मागच्या सोफ्यावर बसून मोबाईल बघत होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचा अंगठा स्क्रीनवर मघापासून थांबलेला होता, हे नूतनला दिसलं. तो बिल्ड, म्हणजे यार्डाला गेलेला तयार प्रोग्रॅम, राजदीपने केला होता. सरांना ते माहीत होतं, नूतनला माहीत होतं, बाहेर बसलेल्या चौघांनाही माहीत होतं. सर पुढे म्हणाले की ते त्या घराचा विचार करत नाहीत असं तिने समजू नये. रूपेशच्या बायकोला एक तारखेपासून ऑफिसात घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. ग्राहकांचे फोन घ्यायचे, तक्रारी लिहून घ्यायच्या. "घर बैठे-बैठे क्या करेगी बेचारी. आप ही सिखा देना."

दुपारनंतर सही करते, असं सांगून नूतन उठली. नाही म्हणाली नाही. बाहेर येऊन ती आपल्या खुर्चीत बसली आणि सवयीने तिची पाठ मागच्या खुर्चीला टेकायला गेली. तिची आणि रूपेशची खुर्ची नऊ-दहा वर्षं अशी पाठीला पाठ लावून होती. वळायला जागा नव्हती म्हणून दोघं एकमेकांशी भिंतीकडे तोंड करून बोलायचे. बाकी सगळं ऑफिस हिंदी. मराठी ही दोघंच, त्यातही तो रेल्वेवाल्यांच्या घरचा, बाप नागपूरकडून गँगमन म्हणून या लाईनीवर आलेला, आणि ती इथल्या पोलादाच्या प्लांटमधल्या क्लार्कची मुलगी. दोघांची मराठी घरातच वाढलेली, बाहेर कधी नीट न फिरलेली. ती मराठी ऑफिसात बोलताना दोघांनाही आधी जरा लाजल्यासारखं व्हायचं. "नूतनताई, मशीन आज लय नखरे करून राहिली," तो भिंतीकडे बघून म्हणायचा, आणि ती भिंतीकडे बघूनच हसायची. तो तिला ताई म्हणायचा. ती त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी होती, तेव्हा दुसरं काय म्हणणार. तिने त्यावर कधी हरकत घेतली नव्हती. कशाबद्दल घेणार होती.

फायलींची पद्धत त्या दोघांनी मिळून बसवली होती. प्रोग्रॅम बनवायचा म्हटलं की मशीन आधी एक फाईल वाचते. ती सगळ्यांची, सामायिक. त्यात सगळ्यांना लागू असेल तेवढंच लिहायचं. मग मशीन दुसरी फाईल शोधते. ती ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या नावाची. कुणाच्या मशीनवर कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, कुणाच्या टेबलावर कुठली तार जोडली आहे, असली ज्याची त्याला ठाऊक असणारी माहिती तिच्यात. ही फाईल मागून वाचली जाते, म्हणून दोन्हींत वेगळं काही लिहिलेलं असेल तर शेवटचा शब्द हिचा. त्याआधी सगळेजण सामायिक फाईलमध्येच आपापलं काहीतरी खुपसायचे. एकाचं चालायचं तर दुसऱ्याचं बंद पडायचं, आणि रोज सकाळी भांडणं. रूपेशने एकदा वैतागून म्हटलं होतं, "एकाच घरात सात जण एकच टॉवेल वापरून राहिलो आपण." मग त्याने ज्याच्या त्याच्या नावाची फाईल करून दिली, आणि बनलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमवर खाली बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव उमटेल अशी सोय नूतनने केली. ती सोय तिची होती. तिला वाटलं होतं, नाव पडणार म्हटलं की माणसं जपून काम करतील.

रूपेशच्या टेबलावर एक छोटा जुना काटा होता, चाचणीसाठी आणलेला. तो वजन जास्त दाखवायचा. तो बदलून मागायची फार दिवस टाळाटाळ झाली, तेव्हा त्याने आपल्या फाईलमध्ये एक ओळ घालून ठेवली: आलेल्या वजनातून शेकडा इतकं कमी करावं. आणि वर देवनागरीत लिहिलं होतं, 'हे फक्त माह्या टेबलासाठी. बाहेर नेऊ नये.' ग्राहकाला द्यायचा प्रोग्रॅम तो आपल्या मशीनवर कधीच बनवायचा नाही. त्यासाठी कोपऱ्यात एक वेगळी मशीन होती, जिच्यावर कुणाचीच फाईल नव्हती. नूतन गंमतीने तिला अनाथ म्हणायची. रूपेश म्हणायचा, "अनाथ नाई ताई, संन्याशी हाय ते."

गेल्या ऑक्टोबरात तो डेंग्यूने गेला. आठवडाभरही आजारी नव्हता. दिवाळीनंतर सरांनी त्याची मशीन राजदीपला दिली. राजदीप रायपूरला काहीतरी धंदा करून परत आला होता. नूतनने त्याला सांगितलं की तुझ्या नावाची फाईल करून देते, दहा मिनिटांचं काम आहे. "चल रहा है ना दीदी, रहने दो," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात तिने परत सांगितलं. त्यानंतर सांगितलं नाही. आज खुर्चीत बसून ती त्याच जागी अडकली. का सांगितलं नाही. तो ऐकत नव्हता, हे झालं एक. पण हिवाळ्यात रोज सकाळी पाठीमागच्या मशीनवर बिल्ड चालू व्हायचा, आणि पाण्याची बाटली भरायला उठताना स्क्रीनवर सरकणाऱ्या ओळींमध्ये तिला त्याचं नाव दिसायचं. मशीन ते नाव शोधायची, फाईल सापडायची, आणि मग पुढे जायची. रोज सकाळी कुणीतरी त्याला हाक मारावी आणि तो आहे म्हणावा, असं. ते तिला थांबवावंसं वाटलं नव्हतं. एवढंच. एप्रिलमध्ये संन्याशी मशीन बिघडली आणि यार्डाची घाई होती, तेव्हा राजदीपने सरळ रूपेशच्या मशीनवर प्रोग्रॅम बनवून अहिवाऱ्याला पाठवून दिला. टेबलावरच्या जुन्या काट्यासाठीची ती ओळ चुनखडीच्या ट्रकांवर जाऊन बसली. तिच्यावर लिहिलेलं वाचायला राजदीपने फाईल उघडायला तर हवी.

दुपारी तिने सही केली नाही. डोकं दुखतं म्हणून लवकर निघाली. स्कूटीची सीट भाजत होती. सुपेल्याच्या अंडरब्रिजखाली क्षणभर सावली आली आणि गेली. पुढे प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरचे रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, आणि झाडांच्या मागे ते एकसारखे क्वार्टर्स. तिचं बालपण अशाच एका क्वार्टरमध्ये गेलं होतं. ओट्याची उंची सगळ्यांची तीच, खिडक्या त्याच, रंगसुद्धा प्लांट देईल तोच. बाबांनी दरवाज्यामागे छत्रीसाठी एक खिळा मारला होता, स्वयंपाकघरात आईला हात पोचेल अशी फळी ठोकली होती, आणि नूतनसाठी पंख्याच्या बटणाला सुतळी बांधली होती, कारण तिचा हात पुरत नसे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायचं आलं तेव्हा बाबा सकाळपासून हातोडी घेऊन सगळं उपटत फिरत होते. आपलं होतं ते काढून न्यायचं आणि होतं तसं सोपवायचं. खिळ्यांची भोकं त्यांनी चुन्याने बुजवली, वर ओलं फडकं फिरवलं, आणि लांब उभं राहून बघितलं. काहीच दिसत नव्हतं. बाबा खूश झाले होते. "कोणी म्हणणार नाही का इथं कोणी राह्यत होतं," ते म्हणाले होते. तेव्हा तिलाही ते चांगलं वाटलं होतं. आता सिग्नलला उभी असताना वाटलं नाही.

हुडको कॉलनीतल्या घरी कूलर चालू होता आणि आई, सुशीलाबाई, त्याच्यासमोर पदर पसरून बसली होती. नूतनने तिला सगळं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण घरात दुसरं कुणी नव्हतं.

"मग करून टाक ना सही. तुह्यावर तं काही येऊन नाई राहिलं," आई म्हणाली.

"पण त्यानं नाही केलं आई."

"नाई केलं तं नाई केलं. त्याचा बाप आहे, बायको आहे. ते पाहून घेतील." आईने पदर सावरला आणि जरा थांबून, कूलरकडेच बघत म्हणाली, "तू कोण लागतेस त्याची?"

प्रश्नात टोमणा नव्हता. आईला खरंच कळत नव्हतं, आणि नूतनला उत्तर द्यायचं तर शब्द नव्हता. सहकारी म्हणावं तर तो ऑफिसच्या दारावर संपतो. ताई म्हणावं तर ती हाक त्याची होती; त्याच्याबरोबर गेली. एकेचाळिसाव्या वर्षी एखाद्या माणसाच्या नावावर आपला कुठल्याच बाजूने हक्क लागत नाही, आणि तरी ते कुणी मळवलं तर आपल्याच अंगावर काही सांडल्यासारखं वाटतं, हे आईला कसं सांगायचं. ती आत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. टाकीचं पाणी उकळत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी तिने जिन्यात उभं राहून यार्डाच्या अधिकाऱ्याला फोन लावला. हा माणूस तिला ओळखत होता; प्रोग्रॅम अडला की तो तिलाच विचारायचा. तिने शांतपणे सांगितलं. पत्रात ज्याचं नाव येणार आहे तो माणूस हा प्रोग्रॅम बनला तेव्हा जिवंत नव्हता. त्याची फाईल दुसऱ्याने वापरली. त्याने तर तिच्यात लिहून ठेवलं होतं की बाहेर नेऊ नये. बोलताना पायऱ्यांचा कठडा तिने इतका घट्ट धरला की हाताला गंज लागला. पलीकडे तो माणूस ऐकत होता, मधेच कुणाला तरी गाडी मागे घे म्हणून ओरडत होता.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "आपने बताया, अच्छा किया. पर मेरे को सच में कोई मतलब नहीं है. ऊपर से बोला था, नाम लिखवा के लाओ. आप लोग जो नाम दोगे वो मैं लगा दूँगा. नाम नहीं दोगे, तो टेक्निकल कारण लिख दो, वो भी चलता है." मग जरा मायेने म्हणाला, "बच्चे-वच्चे हैं क्या उसके?"

नाहीत, नूतन म्हणाली. फोन ठेवल्यावर ती जिन्यातच उभी राहिली. इतकं सोपं होतं तर. टेक्निकल कारणसुद्धा चालत होतं. काल दिवसभर ती ज्यासाठी जळत राहिली त्याची दुसऱ्या बाजूला कुणाला काही पडलेलीच नव्हती. नाव असलं काय, नसलं काय. आनंद व्हायला हवा होता. तिला लहानपणी भांडायला म्हणून तावातावाने कुणाच्या घरी जावं आणि दाराला कुलूप असावं, तसं झालं.

त्या माणसाने फोनचं सरांना सांगितलं. वाईट हेतूने नव्हे, बोलता बोलता. चार वाजता सरांनी तिला बोलावलं. तिला वाटलं, ओरडतील. नोकरी जाईल हेही तिने मनात धरून ठेवलं होतं आणि त्यासाठी काही वाक्यं जुळवली होती. सरांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"आपने ठीक ही किया दीदी. मैंने नाम हटा दिया. टेक्निकल कारण लिख दिया है, देख लो."

स्क्रीनवर तोच परिच्छेद होता, रूपेशपुरता कापलेला. राजदीपचं नाव कुठे नव्हतंच. तिने सही केली. सर म्हणाले, "एक बात और. वो जो उसकी मिसेस को रखने वाला था, वो अब रहने देते हैं."

"का?" तिच्या तोंडून मराठीतच निघालं.

"अब बात निकल गई है ना. यार्ड वाले कल आएँगे, उसको यहाँ बैठा देखेंगे, पूछेंगे ये कौन है. फिर वही नाम, वही किस्सा. मेरे को अब उस नाम का झमेला ऑफिस में नहीं चाहिए." त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "आप उनके घर जाती हैं ना कभी. बता देना. मैं फोन कर दूँगा, पर आप मिल के बता दोगी तो अच्छा रहेगा."

बाहेर राजदीप त्या मशीनवर बसला होता. तिला बघून तो उठला. "थँक यू दीदी," तो खाली आवाजात म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आभार होते. त्याला वाटत होतं तिने त्यालाही वाचवलं.

रविवारी ती बोरसीला गेली. रस्ताभर तिने मनात वाक्यं फिरवली. घर लहान, पुढे सिमेंटचा ओटा, ओट्यावर हिरवी जाळी बांधून केलेली सावली. रूपेशचे वडील शामराव बनियनवर बसले होते. रेल्वेत ते गँगमनचे मेट, म्हणजे मुकादम, होऊन रिटायर झाले होते. मोठ्याने बोलायची सवय अजून गेली नव्हती, जणू मधून सतत गाडी जात असावी. तिला बघताच ते उठून उभे राहिले, आणि एवढा म्हातारा माणूस आपल्यासाठी उभा राहिला याने ती ओशाळली.

"या, या बाई. तुमच्याच गोष्टी करून राहिलो होतो. साहेबाचा फोन आला होता काल. म्हणे तुमी त्याले सांगतलं, नाव काढा म्हणून. काढलं म्हणे नाव."

"हो काकाजी. पण..."

"मले तं ठाऊकच नव्हतं का टाकलं होतं. मले कोणी सांगतलं नाई." त्यांचे डोळे पाणावले होते. "आमच्यात पयला तो कॉम्प्युटरवर बसला बाई. माह्या बापाले सही येत नव्हती. माह्या पोराचं नाव मशीनीतून छापून येते म्हणून मी सगळ्या गँगले सांगत होतो. त्या नावावर कोणी चोरी लिहिली असती तं मी काय केलं असतं?"

चोरी कुणी म्हटलं नव्हतं काकाजी, असं तिला म्हणायचं होतं. पण त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि तो सोडवून घेणं तिला जमेना. हात खरखरीत, कोरडा, ऊबदार होता. आणि त्या क्षणी, शरम वाटावी असं, तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कुणीतरी अखेर तिला या प्रकरणात उभं राहायला जागा दिली होती. मग ते शेजारच्या दुकानातून दूध आणतो म्हणून सदरा घालून निघाले, आणि नूतन आत गेली.

रूपेशची बायको आम्रपाली खाली बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तिशी नुकतीच ओलांडलेली, रूपेश असताना फार हसायची. तिने मान वर केली. "बसा ताई." नूतन पलंगाच्या कडेला बसली आणि तिने नोकरीचं सांगायला सुरुवात केली. आम्रपालीने मधेच म्हटलं, "ठाऊक आहे मले. फोन आला होता."

"मला वाटलं नव्हतं की ते असं करतील. मी फक्त..."

"मले इचारलं होतं साहेबानं," आम्रपाली म्हणाली. शेंगा सोलणं थांबलं नव्हतं. "आधीच. म्हणे, भाभीजी, एका कागजावर रूपेशचं नाव टाकावं लागेल, तुम्हाले चालन का. मी हाव म्हटलं होतं."

कूलरची मोटार बंद पडून पुन्हा सुरू झाली.

"तू हो म्हणालीस?"

"मंग काय म्हणू? सासऱ्याच्या पेन्शनीत दोघं. माहेरी भाऊ रोज एक स्थळ सांगून राहिला. मले इथं राह्यचं आहे. कमावून राह्यचं आहे." आता तिने हात थांबवले. "त्यानं मले इचारलं. तुमी नाई इचारलं."

नूतनला बोलायचं होतं की जे खोटं आहे त्याला हो कसं म्हणायचं, की त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, बाहेर नेऊ नये म्हणून. की तू ती फाईल बघितलेली नाहीस, मी बघितली आहे. आणि हे शेवटचं वाक्य मनात येताच तिला ते ऐकू आलं, कसं आहे ते. मी बघितली आहे. नऊ वर्षं पाठीला पाठ लावून मी बसले होते, तू नाही.

आम्रपाली तिच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, नीट, बारकाईने, पहिल्यांदाच बघावं तशी.

"तुमाले कावून एवढं लागून राहिलं होतं ताई?"

नूतन पलंगावरच्या चादरीची दुमडलेली कड सरळ करू लागली. आम्रपालीने टरफलं पदरात गोळा केली. "जिवंत होता तवा सगळा वेळ ऑफिसाले दिला त्यानं," ती म्हणाली. "मेल्यावर एकदा तरी आमच्या कामी येऊ द्यायचं होतं त्याले." मग आवाज उतरवून म्हणाली, "मी उद्या परत फोन करणार आहे साहेबाले. पाया पडीन, पण करीन. आता तरी तुमी कोठी काही बोलू नका. कोणाचंच नाव घेऊ नका."

बाहेर शामरावांचा आवाज आला. दूध आणायला गेलेले ते दुकानवाल्या बबलूलाच सोबत घेऊन ओट्यावर आले होते. "याच त्या बाई," ते मोठ्याने सांगत होते. "ऑफिसवाले म्हणत होते का माह्या पोरानं काटा बिघडवला. ट्रकचं वजन कमी दाखवलं. कागजावर लिहून टाकलं होतं. या बाईनं ते खोडून घेतलं." पलीकडच्या ओट्यावर एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. समोरच्या घराचा दरवाजा अर्धा उघडला. शामराव सुरुवातीपासून सांगू लागले. अहिवारा, चुनखडी, आडव्या लावलेल्या गाड्या. बोरसीत सकाळपर्यंत यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. नूतनला दाराच्या चौकटीतून गल्लीतले चेहरे एकेक करून वळताना दिसत होते, आणि प्रत्येक चेहऱ्यावर रूपेशचं नाव आणि काट्याची चोरी ही दोन्ही एकदमच उमटत होती. नाव पुसल्याची गोष्ट मागून, हळू, जमलं तर. काकाजी, बस करा, असं म्हणायला ती उठली आणि दारापर्यंत येऊन थांबली. त्यांचा चेहरा इतका उजळलेला तिने ऑक्टोबरनंतर पाहिला नव्हता.

बबलू सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्याने मान खाजवली आणि सरळ मनाने विचारलं, "त गलती काखर रिहिस बाबूजी?"

चूक मग कुणाची होती. शामरावांना उत्तर माहीत नव्हतं. ते वळले आणि विश्वासाने, जवळजवळ अभिमानाने, त्यांनी नूतनकडे पाहिलं. या बाईला सगळं ठाऊक आहे. पलीकडची बाईही ओले कपडे हातात धरून ऐकत होती. पाठीमागे, आत, आम्रपालीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

"कुणाचीच नाही," नूतन म्हणाली. "टेक्निकल कारण था."

"अच्छा," बबलू म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते साफ दिसलं: माणूस मेला की त्याच्या घरी येऊन लोक असंच काहीतरी सांगतात. शामरावांची मान अजून तिच्याकडेच वळलेली होती. आणखी काही येईल म्हणून ते थांबले होते. मग त्यांनी दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आणा बाबूजी," आम्रपाली आतून आली आणि त्यांच्या हातून तिने पिशवी घेतली. "ताई, चहा घेऊन जाल ना."

नूतन परत आत येऊन बसली.